हल्ला म्हणे हल्ला!

रात्री पावणेतीनला लॅपटॉपमधला विकतचा अँटीव्हायरस केकाटला. लाल चौकट, तिच्यात ढाल, आणि खाली ठळक अक्षरांत: तुमच्या संगणकावरचा हल्ला रोखला आहे. कोणाचा हल्ला? कुठून? पत्ताच नाही. बटणं मात्र दोन. एक 'ठीक आहे', दुसरं 'आता अपग्रेड करा'. बाहेर मालवणचा जुलैचा पाऊस कौलं फोडायला बसलाय, लाइट संध्याकाळपासून पाचव्यांदा जाऊन आलीय, आणि आये आतून विचारते, "कोणाचो हल्लो झालो रे?"

आता काय सांगू कपाळ! मलाच कळत नव्हतं.

मग लॉग, म्हणजे त्याने काय काय अडवलं त्याची नोंदवही, उघडायला बसलो. तो लपवलेला कुठे, तर सेटिंग्जमध्ये, त्यात प्रगत, त्यात अहवाल, त्यात आणखी एक दार. पैसे मी भरलेत, लॉग माझ्या मशीनचा, आणि तो बघायला मीच चोरासारखा अंधारात चाचपडतोय. उघडल्यावर काय दिसावं? २:४७:१३, ब्लॉक्ड, यूडीपी, १९२.१६८.१.७ वरून २३९.२५५.२५५.२५०, पोर्ट १९००. खाली तीच ओळ. त्याच्या खाली तीच. चाळीस ओळी मोजल्या आणि मोजणं सोडलं. प्रत्येक ओळीपुढे लाल ठिपका, आणि माणसाला कळेल असा एक शब्द नाही.

मी अर्धा तास '२३९ म्हणजे कुठला देश' हे शोधत होतो. हसा.

देशबिश काही नाही. २२४ ते २३९ ने सुरू होणारे पत्ते कुणा एकाचे नसतातच, एकदम सगळ्यांना हाक मारायला ठेवलेले असतात. आणि १९२.१६८ म्हणजे आपल्याच घरातला. पण रात्री पावणेतीनला एवढंच डोक्यात शिरलं की कोणीतरी आपल्या वायफायवर आहे. आणि वायफायचा पासवर्ड घराबाहेर फक्त शेजारच्या पोराकडे. कॉलेजचे फॉर्म भरायला मीच दिलेला. झालं! तिथल्या तिथे पासवर्ड बदलला आणि मोठा गड राखल्यासारखा झोपलो.

सकाळी राउटरच्या पानावर आजवर जोडलेल्या उपकरणांची यादी बघितली. .७ च्या मॅक अ‍ॅड्रेसची, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाची, पहिली सहा अक्षरं शोधली, त्यावरून बनवणारी कंपनी कळते. हॉलमधला टीव्ही! आमचा, हप्त्यावर घेतलेला टीव्ही. लाइट आली की बिचारा उठतो आणि 'मी इथे आहे हो' म्हणून घरभर ओरडतो, ते १९०० नंबरच्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे संगणकाचं नंबर टाकलेलं दार. खाली ५३५३ वर ओरडणारा प्रिंटर. लॉगमधल्या वेळा लावून बघितल्या तर प्रत्येक 'हल्ला' लाइट आल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत झालेला. म्हणजे मी वर्षाचे पैसे भरून लाइट कधी आली याची वही ठेवतोय.

एवढं त्या सॉफ्टवेअरला कळत नसेल? कळतं की! पत्ता घरातला आहे, पोर्ट ओळखीचा आहे, सगळं त्याच्यासमोर आहे. 'तुमचा टीव्ही बोलतोय, झोपा' एवढं लिहायला काय जातं? पण माणूस झोपला तर अपग्रेड कोण दाबणार!

आमच्या बंदरावर वादळाचा बावटा लागतो तोसुद्धा नंबराने. १ चा वेगळा, ३ चा वेगळा, १० चा वेगळा, आणि कुठल्या बावट्याला होडी ओढून घ्यायची हे होडीवाल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इथे सगळं एकच लाल. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय, फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, ४४५ पोर्टातून घुसत जगभर पसरला. उद्या तसलं काही खरंच दाराशी आलं, तर तेही याच यादीत, टीव्ही आणि प्रिंटरच्या मधे, त्याच लाल ठिपक्यासह बसणार. आणि मी? मी तोवर चौकट न वाचता 'ठीक आहे' दाबायला शिकलेलो असणार. आत्ताच शिकलोय.

दुपारी शेजारचं पोर आलं. छत्री पायरीवर निथळत ठेवली, आत आलंच नाही. "काका, पासवर्ड बदललास काय?"

काय सांगणार त्याला? टीव्हीने हल्ला केला म्हणून?

"नाय रे," म्हटलं, "लाइट जाऊन राउटरच बिघडलो."