घोटाळा साहेबांचा, मुलाखत तुमची

तुमच्या कंपनीचं नाव पेपरात पहिल्या पानावर झळकलं ना? अभिनंदन! आता नवी नोकरी शोधायची, तर चार युक्त्या गाठीशी असू द्या.

कंपनीचं नाव सांगायची वेळ आली की खोकला काढा.

बायोडेटामधली ती सहा वर्षं सरळ गाळून टाका. 'या काळात काय करत होता?' असं विचारलंच तर संन्यास घेतला होता म्हणा. तो बरा दिसतो.

अनुभवाचा दाखला मात्र जपून ठेवा. त्यावर सही करणारे साहेब कोर्टाच्या तारखांना हजेरी लावताहेत आणि पडताळणीसाठी पाठवलेली ईमेल परत येतेय, यात चूक अर्थातच तुमची.

मुलाखतीची तयारी करू नका, कामाचं कुणी विचारतच नाही. मी परवाच एक देऊन आलोय. समोर तिघे. पहिलाच प्रश्न : 'एवढं सगळं चाललं होतं आणि तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?' 'होतं' म्हणालात तर चोर, 'नव्हतं' म्हणालात तर बावळट. अहो, मी पगारपत्रकं करायचो! हजेरी, रजा, कपात. कुणाच्या दोन रजा जास्त लागल्या हे मला माहीत असायचं, मालकाने पैसा कुठे वळवला हे कसं असणार? हिशेबात घोटाळे करणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने २ डिसेंबर २००१ला दिवाळखोरी जाहीर केली. त्याच्या ४ दिवस आधीपर्यंत मोठ्या पतमानांकन संस्थांच्या लेखी ती गुंतवणुकीला योग्य होती. दुसऱ्यांची पत मोजणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना वास आला नाही. तो यायला हवा होता हजेरीच्या कारकुनाला!

फारच सोसवेनासं झालं तर कोर्टात जा. बीसीसीआय (क्रिकेटवाली नव्हे, बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल) ही बँक घोटाळ्यापायी १९९१मध्ये बुडाली आणि तिचे नोकर कोर्टात गेले. मालकाच्या लबाडीमुळे नोकराच्या नावाला लागलेल्या बट्ट्याचीही भरपाई मागता येते, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९९७मध्ये मान्य केलं. छान. मग १९९९मध्ये नमुन्यादाखल पाच जणांचे दावे उभे राहिले आणि पाचही जण हरले, कारण नोकरी त्या बट्ट्यामुळेच हुकली हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. करणार कसं? नकार देताना खरं कारण कोण लिहून देतं? मला आलंय ते वाक्य तुम्हालाही पाठ असेल : 'आपली माहिती आमच्या नोंदीत ठेवत आहोत.'

ठेवा, लोणचं घाला तिचं!

तिघांपैकी एकानेही मी काय काम केलं ते विचारलं नाही. निघताना एक जण हसत म्हणाला, 'आमच्याकडे तसं काही करू नका हं.' तसं म्हणजे कसं? वेळेवर पगार काढू नको? शेवटचे दोन महिने माझाच पगार झाला नव्हता, आणि तरी रोज जाऊन मी इतरांचे हिशेब पूर्ण केले. लाज वाटायला हवी तुम्हाला. नोकरी द्यायची नसेल तर नका देऊ, पण तासभर बसवून गंमत कसली बघता? चौकशी करायचा शौक असेल तर मालकाची करा. पगारपत्रकवाल्याला बोलावलंत तर पगारपत्रकाचं विचारा. तेवढं तुम्हाला येत असेल तर.