ऑपरेशन झालं, पुढे कुणाला विचारायचं?

नाशिकला गेले की कुणाच्या ना कुणाच्या घरी हा वाद निघतोच. एक जण म्हणतो, तुमच्या इंग्लंडात सगळं फुकट, आमच्याकडे हॉस्पिटलची पायरी चढायची तर आधी एफडी मोडावी लागते. लगेच दुसरा म्हणतो, फुकट कसलं, तिथे नंबर लागेपर्यंत माणूस टिकायला हवा. आमच्याकडे आज दाखवलं की आठवड्यात टेबलावर. दोघांचंही खरं आहे. पण या वादात एक गोष्ट कुणीच बोलत नाही आणि मला तेवढंच बोलायचं आहे. आमच्या घरात हृदयाच्या एकाच दुखण्यासाठी दोघांवर एकच उपचार झाला, माझ्यावर इंग्लंडात, मी राहते त्या लीड्समध्ये आणि नाशिकच्या इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या दादावर मुंबईत. टेबलावर जे झालं त्यात फारसा फरक नव्हता. खरा फरक पुढच्या दोन-तीन महिन्यांत पडला.

दुखणं ठोक्यांच्या अनियमितपणाचं, एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी त्याला 'एएफ' म्हणतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात. तिथे मिनिटाला ३०० ते ६०० विजेचे संदेश उसळतात, त्यातले काही खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतात आणि तेही वाटेल तसे. धडधड होते, जिना चढताना दम लागतो. कित्येकांना काहीच जाणवत नाही. खरा धोका वेगळाच आहे. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या पिशवीत रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. एएफ असलेल्या माणसाला हा धोका साधारण पाचपट.

दादाला भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला, "किती ब्लॉकेज निघाले?" एकही नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा. "मग ऑपरेशन कशाला केलं? उगाच लुटलं तुम्हाला." हे ऐकून दादा गप्प व्हायचा. त्या मंडळींना मी दोष देत नाही. आपल्याकडे हृदयाची सगळी चर्चा गेली कित्येक वर्षं स्टेंटभोवती, म्हणजे ब्लॉकेज उघडं ठेवायला बसवतात त्या जाळीभोवती, फिरली आहे. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटचे दर बांधले, औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, आणि ते फार गरजेचं होतं. पण त्या चर्चेतून लोकांच्या डोक्यात हृदयाचा एकच आजार पक्का बसला. ज्या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही माणूस लुळा पडू शकतो, त्याची कुणाला गंधवार्ता नाही.

उपचाराचं थोडक्यात सांगते. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हेसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हे भरकटलेले ठोके बहुतेक वेळा फुफ्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सुरू होतात. म्हणून जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या वर नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडे जातात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने, अतिथंडाव्याने किंवा अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदनांनी व्रणाचं कडं तयार करतात. व्रणातून विजेचा संदेश जात नाही. हेच ॲब्लेशन. याने काय साधतं हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २,२०४ रुग्णांवरच्या 'कबाना' चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले. मृत्यू, पक्षाघात यांसारख्या घटना औषधांच्या तुलनेत ॲब्लेशनने ठळकपणे कमी झाल्याचं त्यात सिद्ध झालं नाही. ठोके बिघडण्याचे प्रसंग मात्र कमी झाले आणि जगणं सुधारलं. म्हणूनच रक्त पातळ ठेवणारी गोळी अनेकांना ऑपरेशननंतरही सुरूच ठेवावी लागते. आता बरं झालं म्हणून ती मनाने बंद करणारे लोक मला नाशिकला भेटले आणि माझ्या पोटात गोळा आला.

लीड्सला मला घरी सोडण्याआधी एक नर्स शेजारी येऊन बसली. ती फक्त ठोक्यांच्या रुग्णांचंच काम बघते. जांघेत काळंनिळं पडेल, मांडीपर्यंत उतरेल, घाबरू नकोस. रक्त यायला लागलं तर आडवी हो, दहा मिनिटं घट्ट दाबून धर, थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलाव. खोल श्वास घेताना छातीत दुखेल, ते काही दिवसांत जाईल. निदान दोन दिवस गाडी चालवायची नाही. विश्रांतीतही ठोके पूर्वीपेक्षा थोडे जलद पडतील, ते चालतं. सुरुवातीचे काही आठवडे ठोके पुन्हा बिघडले तरी उपचार फसला असं धरायचं नाही, कारण व्रण भरत असतात. हा काळ पूर्वी तीन महिन्यांचा धरत, २०२४ पासून तज्ज्ञ आठ आठवड्यांचा धरतात. आणि एक गोष्ट तिने माझ्या नवऱ्याकडे वळून सांगितली : पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, गिळताना दुखलं किंवा बोलताना जीभ अडखळली तर घरी थांबू नका, आणि कुणी एंडोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून तपासणी, करायला निघालं तर आधी ॲब्लेशन झाल्याचं सांगा. हृदयामागे अन्ननलिका असते, तिला क्वचित इजा होते आणि ती जीवघेणी ठरू शकते. हे सगळं छापलेल्या कागदावर होतं, खाली तिचा फोन नंबर. मी तो नंबर फिरवला आहे. रात्री निरोप ठेवला, सकाळी तिचा फोन आला.

दादाला मिळाली डिस्चार्ज फाइल. जाडजूड, सुबक, पूर्ण इंग्रजीत, गोळ्यांपुढे १-०-१ आणि ०-०-१. उपचार करणारे डॉक्टर निष्णात होते, त्यांनी स्वतः येऊन दादाचा हात हातात घेतला. लीड्सला मला सर्जरी झाल्यावर तसं कुणी डॉक्टर भेटलंही नाही, हे मुद्दाम नोंदवते. दुसऱ्या दिवशी समृद्धीने इगतपुरीमार्गे दादा-वहिनी घरी आले. चौथ्या दिवशी धडधड सुरू झाली. फाइलवर हॉस्पिटलच्या स्वागतकक्षाचा नंबर होता. तिथे सांगितलं, ओपीडीची तारीख घ्या. वहिनींनी मला फोन केला तेव्हा इथे पहाट होती. "ताई, तुझ्या वेळी असं झालं होतं का गं?" एवढंच त्या विचारत होत्या. उपचारावर एवढा पैसा ओतलेल्या घराला उत्तर मिळालं ते सात समुद्रांपलीकडच्या नणंदेकडून, जी डॉक्टर नाही.

पुढे श्रावण लागला. दादा श्रावणी सोमवार करतो आणि तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकची ब्रह्मगिरीची फेरी त्याने वर्षानुवर्षं चुकवलेली नाही. त्याला दिलेली रक्त पातळ ठेवणारी गोळी रिव्हारॉक्साबॅन, रात्रीच्या जेवणासोबत घ्यायची. ही गोळी उपाशीपोटी घेतली तर अंगात पुरेशी शोषली जात नाही, म्हणजे घेऊनही न घेतल्यासारखी होण्याची भीती. उपास करता का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी माझ्या नर्सला विचारलं. त्या बाईने आयुष्यात कधी श्रावणी सोमवार ऐकला नसेल, पण तिने नेमके प्रश्न विचारले : दिवसभरात पोटभर असं कधी खातो, काय खातो? मग म्हणाली, त्या खाण्याला लागूनच गोळी घेऊ दे, आणि हे त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आपल्या शहरातल्या निम्म्या घरांना पडणारा हा प्रश्न. त्याचं उत्तर इंग्लंडातून यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

इंग्लंडचे गोडवे गायला मी बसलेली नाही. १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हे इथल्या सरकारी सेवेचं वचन २०१६च्या फेब्रुवारीनंतर पाळलं गेलेलं नाही. मी वाट पाहत राहिले आणि त्या काळात माझा डावा कप्पा वाढला. एएफ जितकं मुरतं तितकं ॲब्लेशन कमी लागू पडतं, तेव्हा ती प्रतीक्षा निरुपद्रवी नव्हती. दादाचं काम महिन्याच्या आत झालं, आणि शेजारच्या काकूंचे डबे आठवडाभर येत होते. तेही औषधच.

पण ती नर्स इथे आभाळातून पडलेली नाही. २००५च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या सरकारने हृदयरोगाच्या राष्ट्रीय आराखड्यात ठोक्यांच्या आजारांचं प्रकरण नव्याने घातलं. त्यानंतर अशा नर्सच्या जागा वाढल्या, त्यातल्या काही जागा एका हृदयरोग संस्थेच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. कुणीतरी ठरवलं म्हणून झालं. आणि हे ठरवायला महाराष्ट्रात नाशिकहून योग्य गाव कुठलं? १९९८ साली स्थापन झालेलं राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकच्या म्हसरूळला आहे. राज्यभरातल्या नर्सिंग कॉलेजांच्या परीक्षा तिथून होतात. बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलींसाठी ठोक्यांच्या रुग्णांचा एक छोटा अभ्यासक्रम काढायला नवी इमारत लागत नाही.

याचा फायदा ॲब्लेशन परवडणाऱ्यांपुरता राहणार नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठच्या पाड्यांवर लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आक्रसलेल्या बायका आहेत. त्यांचं एएफ वेगळं. २०२२च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत दिसलं की त्यांना रिव्हारॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनच्या जातीची, रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळीच चांगली. त्या गोळीला वरचेवर रक्ततपासणी लागते आणि तपासणीसाठी नाशिकची एसटी. मजुरी बुडते, खेप चुकते, गोळी सुटते. फोनवर डोस सांगणारी, खेप चुकली की चौकशी करणारी एक नर्स त्यांना कुठल्याही यंत्राइतकीच उपयोगी पडेल. सरकारी खर्चाने उपचार देणाऱ्या महात्मा फुले योजनेची मर्यादा ५ लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, चांगलंच झालं. पण मर्यादा वाढवून ती खेप भरून निघत नाही.

मोठ्या हॉस्पिटलांच्या पॅकेजमध्ये खोलीचे, भुलीचे, नळ्यांचे पैसे धरलेले असतात. त्यात तीन महिन्यांचा फोन धरा. मराठीत दोन पानांचा कागद द्या : काय चालतं, काय चालत नाही, कशासाठी धावत यायचं, उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं. २०२१च्या जानेवारीत सुधारलेल्या राज्याच्या नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं आहे. त्याच नियमांत आणखी एक ओळ घालता येईल : रुग्णाला घरी सोडताना त्याच्या भाषेतला कागद आणि उचलला जाईल असा एक फोन नंबर दिल्याशिवाय डिस्चार्ज पूर्ण झाला असं धरू नये.