बाइकचा रेडिएटर कॉम्प्युटरला लावू नका

परवा नागपूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, बाइकचा रेडिएटर मिळाला, आठशेला. आता फक्त पंप आणि ब्लॉक राहिलाय." कॉलेजच्या ग्रुपवर आलेला 'पाच हजारांत स्वतःचं कस्टम वॉटर कूलिंग' हा मेसेज वाचून तो कामाला लागला होता. त्याच आठवड्यात तो मेसेज मला आणखी दोघांकडून आला. पोराने दोन वर्षं पैसे साठवून ग्राफिक्स कार्ड घेतलंय, आणि कुणीतरी न तपासता लिहिलेल्या चार ओळींवर विसंबून तो त्यावरून पाणी खेळवायला निघाला होता. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: भंगारातून बाइकचा रेडिएटर आणा आणि त्याला तांब्याचा ब्लॉक, म्हणजे चिपवर बसणारा आणि आतून पाणी फिरणारा ठोकळा, जोडा. पाणी डिस्टिल्ड असलं की गळलं तरी काही जळत नाही. प्रोसेसर आणि कार्ड यांच्या मधे एक रेडिएटर हवाच. पाण्याने तापमान खोलीपेक्षाही खाली जातं. सगळं जोडून झालं की कॉम्प्युटर सुरू करून गळती बघा.

रेडिएटरचं आधी, कारण नुकसान तिथेच जास्त आहे. हल्लीच्या बाइकचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात आणि बाजारात मिळणारे बहुतेक ब्लॉक तांब्याचे. दोन वेगळे धातू आणि मधे आयन असलेलं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. बारावीच्या रसायनशास्त्रात तक्ता आहे: तांबं +०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियम −१.६६. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असतो म्हणून प्रत्यक्षात फरक इतका पडत नाही, पण झिजायचं कोणी हे ठरलेलं आहे. ॲल्युमिनियम झिजतं, त्याचा पांढरा चिकट साका होतो, आणि तो जाऊन बसतो ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांमध्ये. मग पंप चालू असतो, पाणी फिरत नाही, आणि कार्ड तापतं.

भाचा म्हणाला, "पण मधे रबरी नळी आहे ना, धातू एकमेकांना लागतच नाहीत." लागतात. रेडिएटर कॅबिनेटला स्क्रूने बसतो. कार्डावरचा ब्लॉक कार्डाच्या स्क्रूंमधून त्याच कॅबिनेटला जोडला जातो. आणि समजा वेगळे ठेवलेच, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं ॲल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि तिथे खड्डे पाडतं.

ज्यांना माझं पटत नाही त्यांनी ईकेचं उदाहरण बघावं. या स्लोव्हेनियाच्या कंपनीने २०१७ साली स्वस्त ॲल्युमिनियमचा लूप (पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्या मिळून पाणी फिरवणारं वर्तुळ) काढला, तेव्हा रेडिएटर, ब्लॉक सगळंच ॲल्युमिनियमचं दिलं, आणि त्यात आपलेच तांब्याचे भाग मिसळू नका असं स्वतःच बजावलं. ज्यांना दोन्ही विकायचं होतं त्यांनीच हे सांगितलं, याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता यावर हमखास येणारा मुद्दा: तयार एआयओ, म्हणजे सगळं जोडूनच मिणाऱ्या वॉटर कूलरमध्ये ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याची प्लेट असतेच की! असते, नाकारत नाही. पण तो कारखान्यात सील केलेला असतो, आत गंजरोधक मोजून घातलेलं असतं, आणि त्याचंही आयुष्य मर्यादितच असतं. गाडीच्या कूलंटमध्येही गंजरोधक असतं. त्याने झीज मंदावते, हेही मान्य. मात्र त्यातलं इथिलीन ग्लायकोल विषारी आणि चवीला गोड असतं. ज्या घरात लहान मूल किंवा मांजर आहे तिथे ते टेबलाखाली ठेवायचं नाही.

डिस्टिल्ड पाण्याची गोष्ट बाटलीत खरी आहे. अगदी शुद्ध पाण्याची वाहकता ०.०५५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ नाहीच. लूपमध्ये घातल्यावर ते तांब्याचे, निकेलचे, सोल्डरच्या फ्लक्सचे अंश उचलतं, आणि गळून मदरबोर्डवर पडलं की तिथली धूळ. मग ते शुद्ध राहत नाही. आरओचं पाणी तर मुळातच नको.

मधल्या रेडिएटरचं एका गणितात संपतं. एक लिटर पाणी एक अंश तापायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि कार्ड ३०० वॅट उष्णता टाकत असेल, तर कार्डातून बाहेर पडताना पाणी जेमतेम एक अंशाने तापलेलं असतं. क्रम कसाही लावा. फक्त टाकी पंपाच्या आधी आणि वर हवी, कारण डी५ सारख्या पंपाचं बेअरिंग पाण्यावरच चालतं. कोरडा फिरला की गेला.

'खोलीपेक्षा गार' हा समज डेझर्ट कूलरवरून आला असावा. कूलरमध्ये पाणी वाफ होऊन उडतं म्हणून हवा गार होते. लूप बंद असतो, तिथे काहीच उडत नाही. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत ३८ असेल तर लूपचं पाणी त्याच्या वरच राहणार, चांगल्या रेडिएटरने साधारण दहा अंश वर. आणि खरंच बरंच खाली गेलं असतं, तर गार पाण्याच्या पेल्याला सुटतो तसा घाम मदरबोर्डवर सुटला असता.

गळती बघायला कॉम्प्युटर सुरू करायचा नाही. मदरबोर्ड आणि कार्डाची वीज काढा, पॉवर सप्लायच्या २४ पिनच्या प्लगला जंपर (मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय चालू करणारी जोडणी) लावून फक्त पंप फिरवा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा आणि एक दिवस थांबा.

राहता राहिले पाच हजार. चांगला पंप एकटाच त्या रकमेच्या पुढे जातो.

भाच्याने रेडिएटर परत केला, दुकानदाराने दोनशे कापून पैसे दिले. आता तो तांब्याचा २४० मिलिमीटरचा रेडिएटर आणि मऊ नळी बघतोय. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे रेडिएटरही ॲल्युमिनियमचे असतात, म्हणून घेण्याआधी मला लिंक पाठवायची असं ठरलंय. तोवर कार्डावरचे मूळ पंखे काढायचे नाहीत.