मशीनला कोड लावताय? मग नीट लावा

टिळक रोडवरच्या आमच्या मजल्यावर एक सीए, एक वकील, एक आर्किटेक्ट आणि आम्ही, अशा चार ऑफिसांत मिळून एकच प्रिंटर आहे. भाड्याचा. महिन्याच्या शेवटी मीटर रीडिंग, त्यावर बिल. जुलैत रिटर्न भरायची धांदल सुरू झाली की बिल फुगतं आणि "कलर कोण मारतंय?" अशी कुजबूज सुरू होते. यंदा ठरलं, प्रिंटरला कोड लावायचा, म्हणजे ठरलेले आकडे भरल्याशिवाय प्रिंट निघणार नाही.

लावा की! पण सगळ्यांच्या डोक्यात कोड म्हणजे फक्त हिशेब. कोणी किती पानं काढली, कोणाकडून किती वसूल करायचे. मला त्या पैशांपेक्षा ट्रेची काळजी जास्त वाटते. दुपारी बाराच्या सुमारास तो ट्रे एकदा बघा. कुणाचा फॉर्म सोळा, कुणाचं आधार, त्याखाली घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा, नावगावासकट. चहा आणणारे काका कप ठेवायला जागा हवी म्हणून तो गठ्ठा खुशाल बाजूला सरकवतात. 2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, पण तो डिजिटल माहितीचा. ट्रेमधल्या कागदाला वाली कोण?

हिशेबाचा कोड लावल्याने हे थांबत नाही. कॅननमध्ये त्याला डिपार्टमेंट आयडी म्हणतात, रिकोमध्ये युजर कोड, कोनिका मिनोल्टामध्ये अकाउंट ट्रॅक. कॉम्प्युटरमध्ये कोड एकदा भरून ठेवला की प्रिंट नेहमीसारखी धाडकन बाहेर पडते. बिल वाटलं जातं, कागद उघड्यावरच. ते थांबवायला सिक्युअर प्रिंट चालू करावं लागतं. मग जॉब, म्हणजे पाठवलेली प्रिंट, मशीनमध्ये थांबून राहतो, तुम्ही समोर जाऊन आकडे दाबल्यावरच निघतो. कोणी आलंच नाही तर काही वेळाने तो आपोआप पुसला जाईल, असंही सेटिंग असतं. हिशेबाचा कोड हवाच असेल तर तोही लावा, दोन्ही एकत्र चालतात.

आता लावतानाची गंमत. मशीनवर कोड चालू केला आणि कॉम्प्युटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भरला नाही, तर बऱ्याच मशीनमध्ये जॉब मुकाट्याने रद्द होतो. स्क्रीनवर सगळं आलबेल. मग माणूस पुन्हा प्रिंट देतो, पुन्हा देतो, आणि शेवटी "मशीन बिघडलंय" म्हणून सर्व्हिसवाल्याला फोन. कॅननवाल्यांनी आणखी एक बघावं: अनोळखी आयडीचे जॉब चालू द्यायचे की नाही, असं एक सेटिंग असतं. ते चालू राहिलं तर कोड नसलेलाही आरामात प्रिंट काढतो. कुलूप लावलं, कडी उघडीच.

आमच्याकडे तर कहरच झाला. चौघांना मिळून एकच कोड दिला आणि कोणीतरी तो स्केचपेनने लिहून सेलोटेपने मशीनच्या झाकणावर चिकटवला. खाली "कृपया वापरावा" अशी विनंतीही! मशीनची सेटिंग बदलायचा अॅडमिनचा पासवर्ड अजून मशीनसोबत आला तोच आहे, म्हणजे मॅन्युअल उघडणाऱ्या कोणालाही माहीत.

माझं म्हणणं साधं आहे. माणशी वेगळा कोड, सिक्युअर प्रिंट सगळ्यांना सक्तीचं, अॅडमिनचा पासवर्ड बदललेला आणि तो दोघांकडेच. माणूस सोडून गेला की त्याचा कोड त्याच दिवशी बंद. शनिवारच्या मीटिंगला हेच मांडणार आहे. वकीलसाहेबांची हरकत आत्ताच कानावर आलीय, "मी काय दर वेळी मशीनपुढे जाऊन उभा राहू?" नका राहू साहेब, ज्युनिअरला पाठवा. पण त्याला त्याचा कोड द्या, तुमचा नको.