डोळ्याला धार, तरी डोळे कोरडे

आमच्या सेवा केंद्रात अंगठा उठला नाही की मी डोळ्यांचं मशीन पुढे करतो. निंदण आणि कापूसवेचणीनं ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्यात, त्यांना दुसरा इलाज नसतो. "काकू, डोळे मोठे करा, मिटू नका." काही सेकंदांचं काम, पण तेवढ्यात डोळे पाणावतात, मिटतात, पदर डोळ्याला जातो. मशीन नापास करते आणि काकू ओशाळतात. गावातले इतके लाल, चुरचुरणारे डोळे मी रोज जवळून पाहतो, तरी घरातल्या डोळ्यांकडे दोन वर्षं लक्ष दिलं नाही, हे आधीच कबूल करतो.

आईच्या डोळ्याला सारखी धार. वाऱ्यात गेली की जास्तच. लग्नात बायका विचारायच्या, "काऊन रडता वं?" एक शेजारीण तर सरळ माझ्या बायकोवरच घसरली. शिबिरात दाखवलं. तिथं टॉर्च मारला, मोतीबिंदू नाही म्हणाले, पुढचा नंबर. शिबिरं चांगलीच आहेत, पण मोतीबिंदू नाही म्हणजे डोळा ठणठणीत, असा त्यांचा हिशोब असतो.

मग मेडिकलमधून लाली जायचे ड्रॉप आणले. दोन दिवसांत डोळा पांढरा. आई खूश, मीही खूश. लाली परत आली की पुन्हा तीच बाटली. असं चार महिने चाललं.

शेवटी अमरावतीला नेलं. डॉक्टर मॅडमनी बाटली वाचली आणि मान हलवली. त्यात स्टेरॉइड होतं. ते मनानं महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. नशिबानं आईचा दाब ठीक निघाला. मग पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी चांगली भिजली. पण पिवळा रंग घालून पाहिल्यावर डोळ्यावरचा पाण्याचा थर चार सेकंदांतच फाटला, तो निदान दहा सेकंद टिकायला हवा. निदान झालं, डोळे कोरडे.

आई तिथंच म्हणाली, "मायबाई, इथं धारा लागल्या अन्‌ ह्या म्हणतेत डोये कोरडे हायेत!"

मॅडमनी समजावलं, पण मला ते कळलं ते आमच्या जमिनीमुळे. आम्ही खारपाणपट्ट्यातले. विहिरीला पाणी आहे, पण ना पिता येत ना ओलिताला देता येत. डोळ्याचंही तसंच. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही. त्याच्या खाली चिकट थर असतो, तो पाण्याला डोळ्यावर धरून ठेवतो, आणि वर तेलाचा पातळ थर असतो, तो पाणी उडू देत नाही. तेल कमी पडलं की पाणी उडतं आणि मागं राहिलेलं जास्त खारं होतं. ते डोळ्याला झोंबतं. मग डोळा घाबरून एकदम पाणी सोडतो. ते गालावर वाहून जातं, डोळा पुन्हा तसाच.

हे तेल पापणीच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. मॅडमनी आईची पापणी हलकेच दाबून दाखवली. पातळ तेल यायच्या जागी पांढरट घट्ट ठिपका आला, हिवाळ्यात खोबरेल थिजतं तसा. थिजलेल्या बाटलीला आपण उन्हात ठेवतो. इथंही तोच इलाज, सोसवेल इतक्या कोमट फडक्यानं मिटल्या डोळ्यांना आठ-दहा मिनिटं शेक, मग पापणीला हलका मसाज. फडकं दोन मिनिटांत गार होतं, म्हणून दोन फडकी आळीपाळीनं. सोबत अश्रूंसारखे साधे ड्रॉप. बाटली फोडल्याची तारीख मी पेनानं लिहून ठेवतो, महिन्यानं टाकायची. आठवड्याभरात फरक पडेल असं समजू नका, आम्हाला दोन महिने लागले.

पाळी कायमची गेल्यानंतर बायकांना हा त्रास जास्त होतो. त्यात चुलीचा धूर, थ्रेशरचा भुसा, आमचं पंचेचाळीसचं ऊन. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही डोळे सुकतात, म्हणून चालू गोळ्यांचा कागद डॉक्टरांना दाखवाच. आणि कुलर! खोलीत गारवा आणतो हे खरं, पण त्याचा झोत रात्रभर तोंडावर असला की पहाटे पापण्या चिकटतात. आम्ही आईची खाट बाजूला सरकवली.

माझंही काही वेगळं नाही. स्क्रीनकडे पाहताना माणूस पापण्या कमी मिटतो, तेही अर्धवट. पीकविम्याच्या दिवसांत संध्याकाळी माझ्या डोळ्यांत वाळू असते. आता दर अर्जानंतर दोनदा पूर्ण डोळे मिटतो. रांगेतल्यांना वाटतं, पोरगा झोपला.

मध, एरंडेल, गुलाबपाणी डोळ्यात घाला सांगणारे कमेंटमध्ये येतीलच, त्यांना हात जोडतो. आणि डोळा दुखतो, उजेड सोसत नाही किंवा दिसायला कमी झालं, तर शेकत बसू नका, डॉक्टर गाठा.

आईसाठी बाजारातून गॉगल आणलाय, सोयाबीन काढणीला. "लोकं हासतीन" म्हणून तो खुंटीवर लटकतोय. परवा मात्र धुऱ्यावरून पाहिलं, शेतात कुणी नव्हतं तर घातला होता.