‘मुद्दाम बंद पाडतात’ हे अर्धंच खरं

ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट झाली, जुनं सॉफ्टवेअर उघडेना, की एक मेसेज हमखास फिरतो: कंपन्या चालतं सॉफ्टवेअर मुद्दाम बंद पाडतात, लिनक्सवर असलं काही होत नाही, आणि अगदीच अडलं तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा नकली संगणक, टाका, विषय संपला.

‘मुद्दाम’? कधीकधी, हो. २०१९ मध्ये अ‍ॅपलने मॅकओएस कॅटालिना या मॅकच्या सिस्टिमच्या आवृत्तीतून जुन्या पद्धतीची ३२-बिट अ‍ॅप्स हद्दपार केली, ती ठरवूनच. पण उलटा प्रकारही बघा. विंडोज ९५ तयार होत असताना सिमसिटी हा गेम त्यावर कोसळायचा. दोष गेमचाच होता: परत करून टाकलेली मेमरी तो पुन्हा वाचायचा, आणि आधीच्या सिस्टिमवर ते खपून जायचं. मायक्रोसॉफ्टने काय करावं? सिमसिटी चालू असेल तर मोकळी झालेली मेमरी लगेच दुसऱ्या कामाला लावायची नाही, अशी खास सोय विंडोजमध्येच घातली. मोडायचंच असतं तर ही उठाठेव कशाला केली असती?

आणि पुष्कळदा तर कुणाचाच हेतू नसतो. विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी असलेली फाइल, लिनक्सवर नेली तर ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येतं, फाइल समोर दिसत असताना! विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य अक्षरं टाकतं, लिनक्स एकच. ते जास्तीचं अक्षर पहिल्या ओळीतल्या इंटरप्रिटरच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाला चिकटतं, आणि त्या नावाचा प्रोग्रॅम अर्थातच सापडत नाही. यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

‘लिनक्सवर होत नाही’ हा मुद्दा मात्र नीट सोलायला हवा. चालणारे प्रोग्रॅम कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, मोडायचे नाहीत, हा लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सचा नियम कडक आहे. पण प्रोग्रॅम नुसत्या कर्नलवर चालत नाही, मध्ये ग्लिबसी ही लायब्ररी असते, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम वापरतात त्या तयार फंक्शनांचा संच. २०१० मध्ये फेडोरा १४ या लिनक्सच्या आवृत्तीवर फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणाऱ्या प्लगइनचा, आवाज खरखरू लागला. कारण मेमकॉपी, म्हणजे मेमरीतला मजकूर इकडून तिकडे नेणारं फंक्शन. दोन जागा एकमेकींवर येत असतील तर ते वापरू नये, असं त्याच्या नियमातच आहे. फ्लॅश तरीही वापरत होतं आणि निभावत होतं, कारण कॉपी पुढून मागे व्हायची. वेगासाठी नव्या ग्लिबसीने काही प्रोसेसरांवर ती मागून पुढे सुरू केली. ग्लिबसीवाले म्हणाले, चूक फ्लॅशची. टॉरवाल्ड्सचं म्हणणं, वापरणाऱ्याला त्याचं काय? मला टॉरवाल्ड्सची बाजू पटते. पुढे ग्लिबसीच्या २.१४ आवृत्तीत तोडगा निघाला: जुन्या प्रोग्रॅमना जुनी वागणूक, नव्याने कंपाइल केलेल्यांना (मूळ कोडपासून पुन्हा बांधलेल्यांना) नवी.

उलट्या दिशेने तर रोजच अडतं. नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या डिस्ट्रोवर (फेडोरासारख्या लिनक्सच्या तयार संचावर) बहुधा सुरूच होत नाही. म्हणून जाणते लोक, प्रोग्रॅम ज्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर चालवायचा असेल तिच्यावरच तो बांधतात, किंवा फ्लॅटपॅकसारख्या पॅकेजात लायब्ररी सोबतच देतात.

राहिलं व्हर्च्युअल मशीन. जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅमसाठी उत्तम. पण अ‍ॅपल सिलिकॉनच्या, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या, मॅकवर इंटेल प्रोसेसरसाठीचं जुनं विंडोज चालवायचं तर प्रोसेसरचीच नक्कल करावी लागते, आणि ती हळू चालते. शिवाय आतली सिस्टिम जुनीच, तिला सुरक्षा अपडेट नाहीत. तिचं नेटवर्क बंद ठेवा, आणि जुना प्रोग्रॅम उघडतोय तोवरच त्यातला डेटा सीएसव्हीसारख्या साध्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढा.