ग्विनला ‘सिंगल्सवाला’ म्हणणाऱ्यांनो

“वहिनी, तुम्ही सॅन डिएगोच्या आहात ना, म्हणून तुम्हाला तसं वाटतं.”

काल रात्री सॅन डिएगोजवळच्या पोवेत एका वाढदिवसाला हे ऐकलं आणि हातातली पावभाजीची ताटली तशीच खाली ठेवली. भूकच मेली. विषय मी काढला नव्हता. यजमानांचा मेहुणा बे एरियातून आलाय, त्याने काढला. त्यांच्या थोरल्याला पुढच्या वर्षी कॉलेजच्या टीममधून बेसबॉल खेळायचंय, त्यावरून बोलणं निघालं की कॉलेजात खेळून पुढे व्यावसायिक झालेल्यांत सगळ्यात मोठी कारकीर्द कुणाची. पुरुष मागच्या अंगणात ग्रिलभोवती, बायका आत. मी मुद्दाम बाहेर गेले, कारण मला या विषयात बोलायचं होतं. सॅन डिएगोच्या पॅड्रेस टीमचा बॅटर टोनी ग्विन, त्याचं नाव घेतलं आणि चार जण माझ्याकडे असं बघायला लागले, जसं मी ग्रिलवरचं काहीतरी उलटवायला सांगायला आलेय.

मेहुण्याने आधी फोन काढला. बोलण्याआधी फोन! याची मला भयंकर चीड आहे. अंगठ्याने सरकवत सरकवत म्हणाला, “बाँड्स १६२, क्लेमन्स १३९, ग्विन ६९. विषय संपला.” वॉरचा आकडा, म्हणजे खेळाडूने टीमला किती जास्तीचे विजय मिळवून दिले त्याचा हिशेब. बाँड्स होमरन मारणारा, क्लेमन्स पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. माणूस वीस हंगाम उन्हातान्हात उभा राहतो आणि हा भाजीला कढईत तेल तापायच्या आत त्याचा विषय संपवतो. अरे, तू त्याला एकदा तरी खेळताना पाहिलंयस का? विचारलं मी हे. तर म्हणे, “पाहायची काय गरज आहे? वीस वर्षांत १३५ होमरन. बाँड्सने एका सीझनला ७३ मारले. सिंगल्स मारणारा माणूस तो, वहिनी.”

सिंगल्स मारणारा माणूस. म्हणजे थेट कुंपणाबाहेर होमरन नाही, एका बेसपुरते छोटे फटके. हे वाक्य रात्रभर डोक्यात घण घालत होतं.

हा माणूस दादरचा आहे. शिवाजी पार्कात वाढलो हे दर दहा मिनिटांनी सांगतो. मुंबईची बॅटिंग म्हणजे खडूस, विकेट फेकायची नाही, समोरच्याला दमवायचं, हे याच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलंय. गावसकरचे षटकार मोजून त्याची किंमत कुणी करतं का? याच्यासमोर केली असती तर याने पान उलथं केलं असतं. आणि तोच माणूस समुद्र ओलांडून इकडे आला की त्याला फक्त कुंपणाबाहेर गेलेला चेंडू दिसतो!

ग्विनची कारकीर्द म्हणजे काय ते सांगते. ३१४१ हिट्स. ॲव्हरेज .३३८, म्हणजे हजार संधींत ३३८ हिट्स. आठ वेळा लीगमध्ये बॅटिंगचं अव्वल स्थान. पहिल्या, १९८२ च्या अर्ध्यामुर्ध्या हंगामात .२८९, आणि त्यानंतर सलग १९ हंगाम एकदाही .३०० च्या खाली नाही. एकदाही नाही! ग्रेग मॅडक्ससारखा पिचर, भले भले त्याच्यापुढे चाचपडले. ग्विन त्याच्यासमोर १०७ वेळा उभा राहिला, .४१५ ने मारलं आणि एकदासुद्धा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला नाही. १९९४ ला .३९४ वर होता. आणखी तीन हिट्स पडल्या असत्या तर .४००. टेड विल्यम्सने १९४१ ला केलं, त्यानंतर कुणालाच जमलं नाही. पण १२ ऑगस्टला संप सुरू झाला आणि त्या वर्षीचा उरलेला अख्खा हंगाम गेला. त्याच्या तोंडातला घास मालक-खेळाडूंच्या भांडणात गेला, आणि हा मला १३५ होमरन दाखवतो.

आणि आपण कॉलेजच्या खेळाडूंबद्दल बोलत होतो ना? मग कॉलेजबद्दल बोला! ग्विन सॅन डिएगो स्टेटला आला तो बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. पॉइंट गार्ड. तिथला असिस्टचा, म्हणजे दुसऱ्याला बास्केट करायला पास देण्याचा, विक्रम त्याच्या नावावर आहे. पहिल्या वर्षी बेसबॉल खेळलाच नाही. बॉबी मीचम म्हणून एक मित्र त्या टीममध्ये होता, तो कोचच्या मागे लागला की या पोराला एकदा बघा. १९८१ च्या जूनमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत, ड्राफ्टमध्ये, पॅड्रेसने तिसऱ्या फेरीत घेतला, आणि त्याच महिन्यात तेव्हा इथेच असलेल्या क्लिपर्सनी बास्केटबॉलसाठीही घेतला. पुढे वीसच्या वीस हंगाम पॅड्रेस. दुसरीकडे जास्त पैसे मिळत असताना कमी पैशांत इथे राहिला. आणि निवृत्त झाल्यावर कुठे गेला? त्याच कॉलेजात, कोच म्हणून. आजार अंगावर काढत शेवटपर्यंत तिथेच. सांगा बरं, बाकीच्या यादीतल्या किती जणांनी आपल्या कॉलेजचं असं देणं फेडलं?

हे मी बोलत होते तेव्हा मेहुणा चिकनचे तुकडे उलटवत होता. मग हसला आणि म्हणाला, “शेवटी तंबाखू चघळून गेला ना तो? कसला आदर्श!”

तिथे माझं डोकं फिरलं.

माझे अण्णा संगमनेरला चुना-तंबाखू मळायचे. पितळी डबी, एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. सकाळी उठल्यापासून. आम्ही पोरी ती डबी लपवायचो, मार खायचो. २००९ ला जबड्याच्या कॅन्सरने गेले. मी तिकिटं काढून पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. पुढच्याच वर्षी बातमी आली की ग्विनला लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर झालाय. तो स्वतःच सांगायचा की हे तंबाखूनेच झालं. स्वतःच्या तोंडाने, कॅमेऱ्यासमोर, लपवाछपवी न करता. गालावर सूज असलेला त्याचा तो चेहरा मी टीव्हीवर पाहायचे आणि मला दुसराच चेहरा दिसायचा. १६ जून २०१४ ला गेला. ५४ वर्षांचा होता. त्यानंतर दोन वर्षांनी झालेल्या करारात मेजर लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूंना मैदानावर तंबाखू चघळायला बंदी आली. ग्विन गेल्यावर तो विषय कुणाला टाळताच आला नव्हता. आपल्याकडे प्रत्येक घरात असा एक माणूस गेलेला आहे. दादरमध्येही असेल, याच्याही घरात असेल. आणि हा वाढदिवसाच्या पार्टीत त्यावर दात काढतो?

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता एवढं नक्की. आतून बायका बाहेर आल्या. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं.” अठ्ठावीस वर्षांत प्रत्येक वादात या माणसाचं हेच वाक्य. जाऊ दे. का म्हणून जाऊ दे? यालाही राग येत होता, मला दिसत होतं, पण हा प्लेट घेऊन कोथिंबीर शोधत बसला.

वहिनींना बेसबॉलमधलं काय कळणार, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी १९९८ च्या जानेवारीत लग्न होऊन इथे आले. डिपेंडंट व्हिसा, नोकरी करायची नाही, गाडी येत नाही, ओळखीचं कुणी नाही. संध्याकाळी नवरा येईपर्यंत रेडिओ लावायचे. पॅड्रेसचा समालोचक जेरी कोलमनचा आवाज. निम्मं कळायचं नाही. पण १९ नंबरचा माणूस बॅटिंगला आला की कोलमनचा आवाज बदलायचा, ते कळायचं. त्याच वर्षी पॅड्रेस वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, गेले, यँकीजनी चार-शून्य धुतलं, आणि त्या धुलाईतही ग्विनने १६ पैकी ८ हिट्स मारल्या. या देशात माझ्या पहिल्या ओळखीचा माणूस तो होता. मी खेळ त्याच्याकडून शिकले: थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप या दोन फील्डरांमधली ती फट, तिथून रोज चेंडू काढायचा. सगळ्यांना माहीत असायचं की तिथूनच जाणार, तरी जायचा. त्यामागे केवढा अभ्यास होता! टीममध्ये कुणाला सुचलं नव्हतं तेव्हा, १९८३ पासून, घरच्या व्हीसीआरवर बायकोकडून सामने टेप करून घ्यायचा आणि आपली प्रत्येक बॅटिंग पुन्हा पुन्हा बघायचा.

आता बाँड्स. बाँड्स ॲरिझोना स्टेटचा. त्याची बॅट काय होती हे मी नाकारत नाही. ७६२ होमरन, सात वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ६८८ वेळा समोरच्या टीमने मुद्दाम वॉक दिला, म्हणजे मारू न देता फुकट पहिला बेस. पिचरना बॉल टाकायचीच भीती वाटायची. पण हॉल ऑफ फेमच्या, बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या सन्मानाच्या, मतदानात दहा वर्षं तो तिष्ठत राहिला, शेवटच्या वर्षी ६६ टक्के, लागतात ७५. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. क्लेमन्सचंही तेच. ग्विन ९७.६ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी आत गेला. बाँड्सच्या बाजूने वाद घाला, जरूर घाला, पण स्टेरॉइडचं प्रकरण कधी घडलंच नाही अशा थाटात नुसता १६२ तोंडावर फेकू नका.

आणि ७३ चं म्हणाल तर त्याची जखम जुनी आहे. ७ ऑक्टोबर २००१. त्या दिवशी आम्ही मिशन व्हॅलीत स्टेडियमवर होतो, ग्विनचा शेवटचा सामना. रिकी हेंडरसननेही त्याच सामन्यात आपली ३०००वी हिट मारली. ग्विन दुसऱ्याच्या जागी एकदाच बॅटिंगला आला, शॉर्टस्टॉपकडे गेला चेंडू, आउट. लोक उभे राहून रडत होते, मीही. आणि त्याच दिवशी वर सॅन फ्रान्सिस्कोत बाँड्सने ७३ वा मारला. रात्री बातम्या लावल्या तर आधी ७३. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसात ७३. वीस वर्षं एका गावात राहिलेल्या माणसाचा निरोपसुद्धा त्या होमरनने खाल्ला, आणि एवढ्या वर्षांनी वाढदिवसाच्या अंगणातही तेच.

ग्विनशिवाय कुणाला मानत नाही असं नाही. यजमानांच्या शेजारचे म्हातारेबुवा यूएससीचे, त्यांनी टॉम सीव्हरचं नाव घेतलं. ३११ विजय, तीन वेळा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. ते छान सांगत होते की १९६६ ला ब्रेव्ह्जने केलेला त्याचा करार रद्द झाला आणि तीन टीमच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून मेट्सचं नाव निघालं. असं बोला ना! मी दोन तास ऐकेन. लू गेहरिगपुढे हरायला लागलं तर हरीन. कोलंबियात असताना त्याने एका सामन्यात १७ जणांना स्ट्राइकआउट केलं होतं, आणि पुढे यँकीजसाठी सलग २१३० सामने. जॅकी रॉबिन्सनचं नाव घेतलं की मी हात जोडते. यूसीएलएत बेसबॉलमध्ये त्याचं ॲव्हरेज होतं .०९७! १९४७ ला मेजर लीगमध्ये आलेला आधुनिक काळातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याने जे सोसलं आणि जे उघडलं ते कुठल्या वॉरमध्ये बसवणार? पण मेहुण्याच्या फोनवरच्या यादीत रॉबिन्सन कितीतरी खाली. म्हणून तो खालचा.

याच यादीवाल्यांनी पोरांचा खेळ नासवलाय. माझा धाकटा डावखुरा. नऊ वर्षांचा होता तेव्हा त्याला रिकाम्या जागेत अलगद चेंडू ठेवता यायचा. कोचने सांगितलं, वर उचल, वर उचल, जमिनीवरून मारून कुणी मोठं होत नाही. पोराने ऐकलं. दोन वर्षांत स्ट्राइकआउट होऊन होऊन रडायला लागला आणि बॅट गॅरेजमध्ये टाकली ती आजतागायत तिथेच आहे. लेक पोवेच्या तळ्यावर फिरायला जाते तेव्हा तिथे ग्विनचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून जाताना मला त्या कोचची आठवण येते आणि चालायचा वेग वाढतो.

रात्री साडेअकराला मेहुण्याने ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. पहिले दहा. ग्विन नाही. खाली हसणारे चेहरे, आणि त्याला सात जणांचे अंगठे, त्यात दोघं काल माझ्यासमोर “बरोबर आहे वहिनी” म्हणणारे. मी फक्त एक आकडा लिहून पाठवला: ४३४. आज सकाळी त्याचं उत्तर आलंय, नुसतं प्रश्नचिन्ह.

मग घे, लिहून देते. टोनी ग्विन, सॅन डिएगो स्टेट, २० हंगाम, एकूण स्ट्राइकआउट ४३४. मार्क रेनॉल्ड्स, तोही कॉलेजचाच, व्हर्जिनिया: २००९ मध्ये २२३, २०१० मध्ये २११. बेरीज कर. फोनवरच कर.